मार्चमध्ये तर मुलांना बाहेर न्यायलाच हवं

वर एका ताईंनी लिहिलंय की वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असताना मुलांना किनाऱ्यावर कशाला न्यायचं, मला हे अजिबात पटलं नाही. माझी मुलगी तिसरीत आहे, मंडणगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि गेल्या आठवड्यात गुरुजी सगळ्यांना भल्या सकाळी वेळासला घेऊन गेले, कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला. ऑलिव्ह रिडले जातीची कासवाची मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, हे पोरीनेच मला भाकऱ्या थापताना सांगितलं, वर बोटांवर मोजून दाखवलं की जानेवारीतली अंडी कधी फुटणार. वजाबाकीला रडणारी पोर ही!

एक पिल्लू लाटेने उलटं झालं म्हणे, आणि हात लावायचा नाही असं बजावलेलं, त्यामुळे सगळी पोरं श्वास रोखून उभी, पुढच्या लाटेने ते सरळ झालं तेव्हा कुठे ओरडली.

बाकी शिमग्याला हिचे बाबा मुंबईहून आलेत, पालकसभेला पहिल्यांदाच दोघं मिळून गेलो. हिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला भाऊ झालाय, तिने अख्ख्या वर्गाला गूळ-खोबरं वाटलं.