कादंबरीतली आई आता नेहमी त्रासलेलीच का?

कावेरी_वाचते
गेले काही महिने बायकांनी लिहिलेल्या, आई मध्यभागी असलेल्या कादंबऱ्या लागोपाठ वाचतेय. इटलीची एलेना फेरांते, फ्रेंचमध्ये लिहिणारी लैला स्लिमानी, इंग्रजीत लिहिणारी अवनी दोशी. सुरुवातीला बरं वाटलं की कुणीतरी बोललं एकदाचं. मुलं नकोशी होतात, त्यांचा आवाज डोक्यात जातो, दार लावून निघून जावंसं वाटतं, हे छापून आलं. मला दोन मुलगे आहेत, त्यामुळे वैताग मला नवा नाही.

पण आता पुस्तकाच्या पाठीमागचा मजकूर वाचूनच कळतं की ही बाई कुठल्या प्रकरणात घर सोडणार. वात्सल्यमूर्ती फोडून आपण तिथे दुसरी मूर्ती बसवली की काय? शाळेतून आलेलं पोर दप्तर फेकून मांडीवर कोसळतं आणि त्या क्षणी आपल्याला त्याचा रागही आलेला असतो आणि त्याला सोडवतही नाही, असं एकाच वेळचं दोन्ही कुणी लिहिलंय का? असेल तर नावं सुचवा.

निशिगंध
लिहिलंय की, आणि तू ज्यांची नावं घेतलीस त्यांच्यातच. फेरांतेची 'द लॉस्ट डॉटर' (मूळ इटालियन, २००६) म्हटलं की सगळे एकच सांगतात: लेडा लहान मुलींना सोडून तीन वर्षं निघून गेली. अगं, ते तर होऊन गेलेलं आहे. समोर घडतं ते वेगळंच. सुट्टीवर आलेली ही सत्तेचाळीस वर्षांची प्राध्यापक बाई समुद्रकिनाऱ्यावर एका चिमुरडीची बाहुली उचलते आणि परत देत नाही. तिकडे पोर रडून रडून आजारी, सगळं कुटुंब हवालदिल. इकडे ही बाहुलीला पुसते, तिच्यासाठी नवे कपडे विकत आणते. बाहुलीच्या पोटात घाण पाणी साचलंय, ते तोंडातून बाहेर येतं, तरी हिचं चालूच. परत का देत नाहीस म्हटलं तर उत्तर नाही.

तू विचारतेस ते दोन्ही इथेच आहे. न्हाऊमाखू घालणारे हात तेच आणि दुसऱ्याच्या लेकराला रडवणारेही तेच. फेरांते त्याची फोड करून सांगत नाही, म्हणून पटतं. पाठीमागच्या मजकुरावर जाऊ नकोस, तो माल खपवायला असतो.

खडूस_मास्तर
मूर्तीचा विषय निघालाच आहे म्हणून. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. म्हणजे मुलाने आठवलेली आई. तिला स्वतःला काय वाटत होतं, ते आपल्याला श्यामकडूनच कळतं. बायका लिहू लागल्यावर हे बदललं असं आपण धरून चालतो. पण दोशीबाईंच्या 'बर्न्ट शुगर'मध्येही बोलते ती लेकच! आई ताराची स्मृती चाललेली. लेक अंतरा बालपणीच्या एकेका गोष्टीचा हिशोब मांडते आणि समोरची बाई ना कबूल करू शकते, ना नाकारू शकते. एकतर्फी खटला आहे तो. पुस्तक उत्तम आहे, २०२० च्या बुकरच्या लघुयादीत होतं, तेव्हा दर्जाबद्दल तक्रार नाही. मात्र 'आता आई बोलू लागली' असं सरसकट कुणी म्हणू नये.

सुईदोरा
मला वेगळंच खुपतं. निघून जाणाऱ्या आईची मुलं तेवढा वेळ कुणापाशी असतात? स्लिमानीच्या 'शांसाँ दूस'ला २०१६ चं गाँकूर (फ्रान्सचं मानाचं साहित्य पारितोषिक) मिळालं, चर्चा झाली ती सांभाळणाऱ्या बाईनेच केलेल्या मुलांच्या खुनाची. मिरियम वकिलीकडे परत वळते, म्हणून लुईझ मुलं सांभाळायला येते. लुईझलाही मुलगी आहे, स्तेफानी. लहानपणी आई दुसऱ्यांच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळतेय हे बघत वाढलेली, पुढे कुठेतरी निघून गेलेली. या घरात तिची फिकीर कुणालाच नाही. मिरियमच्या घुसमटीवर आपण पानंच्या पानं बोलतो, लुईझ म्हणजे नुसतं गूढ!

आणि उर्मिला पवारांचं 'आयदान' वाचा. आत्मकथन आहे, कादंबरी नाही, माहीत आहे. पण त्यातली बांबूची आयदानं विणणारी आई समोर आली की 'आईला स्वतःसाठी वेळ हवा' हे वाक्य फार दुरून आल्यासारखं वाटतं.

निशिगंध
सुईदोरा, लुईझबद्दल शंभर टक्के. कावेरी, नाव सुचवायचं तर मेक्सिकन लेखिका ग्वादालुपे नेत्तेल, तिची कादंबरी इंग्रजीत 'स्टिल बॉर्न'. निवेदिका लॉराने मूल नको म्हणून शस्त्रक्रियाच करून घेतलीय. तिच्या मैत्रिणीला गरोदरपणात डॉक्टर सांगतात की बाळ जगणार नाही. आणि ते जगतं. आता बाळ जाणार अशी मनाची तयारी करून बसलेल्या आईने जगलेल्या बाळाचं काय करायचं? दरम्यान लॉरा शेजारच्या आरडाओरडा करणाऱ्या पोराला सांभाळू लागते, कुणी सांगितलेलं नसताना. माया आहे, पण जिच्याकडे असायला हवी असं जग म्हणतं तिच्याकडेच नाही.

कावेरी_वाचते
नेत्तेल मागवते. मास्तर, एकतर्फी खटला मान्य, पण अंतरा स्वतः आई झाल्यावर तिच्या सांगण्यावरचा आपला विश्वास डळमळतो की नाही? मला तरी ती तिथे साक्षीदार न राहता आरोपी वाटायला लागली. सुईदोरा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. लुईझसाठी 'शांसाँ दूस' पुन्हा उघडणार.

मधल्या काळात मला स्वतःलाच एक सापडली, गीतांजली श्रींची हिंदी कादंबरी 'रेत समाधि'. नवरा गेल्यावर ऐंशी वर्षांची अम्मा भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मुलगा, सून, लेक, सगळे उठवायला येतात, ही पाठच दाखवते. तक्रार नाही, पळणं नाही. आणि पुढे लेकीकडे राहायला गेल्यावर स्वतंत्र राहणारी ती लेकच हळूहळू आईसारखी वागायला लागते, कुठे गेलीस, काय खाल्लंस. त्या लेकीचा वैताग वाचताना मी चक्क अम्माच्या बाजूने होते.