मदत हवी आहे: ओढ्याकाठचे दिवे बदलताना काजवे आणि वटवाघळं कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे ओढा आणि दाट झाडी आहे. भिंतीलगतच्या पायवाटेवरचे जुने सोडियम दिवे काढून ५००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर) पांढरे एलईडी फ्लडलाइट लावायचं कमिटीत जवळपास ठरलंय. ऑर्डर अजून गेलेली नाही, म्हणून घाईने विचारतोय.

पांढऱ्या उजेडात निळा अंश जास्त, त्याकडे पतंग-किडे जास्त ओढले जातात, तेव्हा २२०० केल्विनचे अंबर, म्हणजे पिवळट-नारिंगी दिवे घेऊ, इतकं मी गळी उतरवलंय. दिवा वरून झाकलेला आणि तोंड सरळ खाली, यालाही हरकत नाही. (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप; पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्सही भरत नाही, हे ऐकून दोघं-तिघं गप्पच झाले.)

अडलंय ते पुढे. काजव्यांचा स्वतःचा उजेड पिवळसर-हिरवा. मग अंबर दिव्यात नर-मादीच्या खुणा बुजणार नाहीत का? काही वटवाघळं दिव्याखाली किडे टिपायला येतात, पण झाडीच्या कडेने संथ उडणाऱ्या जाती उजेड दिसला की वाटच सोडतात. त्यांना रंगाने काही फरक पडतो का? आणि 'दिवेच नकोत' हे उत्तर चालणार नाही, चोरांचा मुद्दा लगेच येईल.

प्रतिसाद
नेदरलँड्समधल्या प्रयोगात उजेड टाळणाऱ्या वटवाघळांची ये-जा लाल दिव्यात अंधाराइतकीच दिसली, पांढऱ्या आणि हिरव्या दिव्यात घटली. म्हणजे रंगाने फरक पडतो. पण काजव्यांसाठी रंग शोधत बसू नका, त्यांना अंधारच लागतो. उंच खांब काढा, गुडघ्याइतके बुटके दिवे भिंतीच्या आतल्या बाजूला लावा. उजेड पायवाटेवर पडेल, ओढा काळाच राहील. मोशन सेन्सर असेल तर दिवा मिनिटभरात विझेल असं सेटिंग ठेवा. चोरांचं म्हणाल तर फ्लडलाइटने डोळे दिपतात आणि त्यापलीकडची सावली आणखी गडद वाटते. चोराला तीच सोयीची!

धागाकर्ता
सावलीचा मुद्दा झकास, मीटिंगमध्ये वापरतो. लाल दिव्याला कमिटी तयार होईल असं वाटत नाही, बुटक्यांचं जमेल. फक्त एक शंका: सेन्सर मांजर गेलं तरी पेटणार. त्याच्या भिंगावर खालून पट्टी चिकटवून चालेल का, की कमी संवेदनशील सेन्सरच घ्यावा?