लॉनवरच्या शोभेच्या वस्तूंवर बंदी: नियम मापाचा की आवडीचा?

लॉनवाला:
इकडे अमेरिकेत आमच्या एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र आलंय, पुढच्या लॉनवरचा बुटक्या माणसाचा मातीचा पुतळा आणि दोन गुलाबी प्लास्टिकचे फ्लेमिंगो काढा, कारण काय तर "परिसराशी सुसंगत नाहीत". गुडघ्याएवढी पण उंची नाही, लाइट नाही, आवाज नाही. सुसंगत म्हणजे काय ते पत्रात कुठेच नाही. उंची किती, रस्त्यापासून किती आत, दिवे किती वाजता बंद, असा नियम करा, मी मुकाट पाळतो. पण काय सुंदर नि काय भिकार हे कमिटी ठरवणार हे मला अजिबात पटत नाही. हाच फ्लेमिंगो १९५७ मध्ये डॉन फेदरस्टोनने बनवला, लोकांनी किती वर्षं नाकं मुरडली, आणि २००९ मध्ये विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहराने तोच आपला अधिकृत पक्षी म्हणून जाहीर केला. आवड बदलते हो.

कागद आधी वाचा:
घर घेताना सह्या कुणी केल्या? बाकीच्यांनी ते नियम आहेत म्हणूनच तिथे घरं घेतली, त्यांच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

खिडकीतली पाटी:
लाड्यूची केस बघा. मिझुरीतलं छोटं शहर, १९९० मध्ये एका बाईंनी आखाती युद्धाविरुद्ध लॉनवर पाटी लावली, मग घराच्या खिडकीत साध्या कागदाएवढी लावली, तर सिटीचा नियम आडवा आला. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने बाईंच्या बाजूने निकाल दिला. आपल्या घरातून आपलं म्हणणं मांडायचा हक्क इतका सहज काढून घेता येत नाही.

कागद आधी वाचा:
अहो ती सिटी होती, म्हणजे सरकार. एचओए हा खाजगी करार आहे, तिथे हा निकाल सरळ लागू होत नाही. घरावर देशाचा झेंडा लावता यावा म्हणून २००६ मध्ये वेगळा केंद्रीय कायदा करावा लागला तो उगीच का? आणि त्यातही जागा, वेळ, पद्धत यावर वाजवी अटी घालायला परवानगी आहेच.

समोरच्या घरातली:
मला दोघांनाही सांगायचंय, मी रोज बघते. समोर हवेने फुगवलेले पुतळे आहेत, त्यांचा पंखा रात्रभर घुंघुं करत असतो, दिव्यांचा उजेड थेट मुलीच्या बेडरूममध्ये येतो, ती दचकून उठते, बोलायला गेले तर म्हणे आमचं यार्ड आमची मर्जी. आणि लॉनवाले, तुमच्या मापाच्या नियमात हे कसं बसवणार, गुडघ्याएवढ्याच पण चाळीस वस्तू मांडल्या तर?

लॉनवाला:
ताई, पंख्याचं आणि दिव्याचं तुमचं शंभर टक्के बरोबर. आवाज नि उजेड कुंपणापाशी थांबत नाही, म्हणून तिथे कडकच नियम हवा. चाळिसाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, पण आकडा हेही मापच झालं की, दहा म्हणा.

जुना बागवाला:
इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागात १९८६ मध्ये एकाने घराच्या छपरात घुसलेला पंचवीस फुटी शार्क बसवला. कौन्सिलने काढायला लावायचे सगळे प्रयत्न केले, शेवटी १९९२ मध्ये सरकारकडे अपिलात परवानगी मिळाली. आज लोक मुद्दाम बघायला जातात.

कागद आधी वाचा:
एक शार्क टिकला म्हणून प्रत्येक फुगा कलाकृती होत नाही. शेजाऱ्यांनी ती सहा वर्षं काय काढलं असेल? पण "सुसंगत" शब्दाबद्दल लॉनवाल्यांशी सहमत आहे, ज्याचं माप नाही तो नियम कमिटी बदलली की बदलतो. कोणत्या कलमाखाली नोटीस दिली ते लेखी मागा.

लॉनवाला:
आजच मेल करतो. आणि ताई, आमच्याच मीटिंगमध्ये रात्री दहानंतर पंखा-दिवे बंद हा नियम मीच मांडतो, शब्दरचना तुम्ही इथे सुचवा.