मदत हवी आहे: मधल्या उजेडात फ्रिंज ७ की ८?

नमस्कार दादा-ताईंनो. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून, बारावी सायन्सला. दोन फटींतून जाणाऱ्या प्रकाशाच्या एका गणितावर तीन दिवसांपासून अडलो आहे. फटींमधलं अंतर ०.६ मिमी, प्रत्येक फट ०.१५ मिमी रुंद. विवर्तनाच्या (फटीतून जाताना प्रकाश पसरतो त्याच्या) मधल्या उजळ पट्ट्यात व्यतिकरणाच्या (दोन्ही फटींचा प्रकाश एकमेकांत मिसळतो त्याच्या) किती उजळ फ्रिंज, म्हणजे बारीक पट्टे, बसतील?

पट्ट्याच्या रुंदीला फ्रिंजच्या रुंदीने भागलं तर ८ येतात. पण दोन्ही बाजूंची चौथी फ्रिंज नेमकी विवर्तनाच्या पहिल्या काळ्या जागी पडते, म्हणजे दिसणारच नाही. मग मधली एक आणि दोन्हीकडे तीन-तीन, ७ च ना?

काल रात्री लाइन गेली तेव्हा कापसाच्या खोलीत लाल लेझरसमोर केस धरला, भिंतीवर पट्टे स्वच्छ दिसले. दोन फटी करायला काजळी धरलेल्या काचेवर दोन ब्लेड जोडून रेघा ओढल्या, त्या मात्र जाड आल्या. बारीक फटी घरी कशा करायच्या? अन् पेपरात कोणतं उत्तर लिहू? पायऱ्यांसकट समजावून सांगा जी.