पैठणीची उलटी बाजू कुणी का दाखवत नाही?

सुईदोरा

मी पुण्यात फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या उन्हाळ्यात दोन महिने ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीत इंटर्नशिप केली. फोटोशूटच्या दिवशी कपड्यांना इस्त्री करणं, लोंबणारे धागे कापणं आणि मॉडेलच्या पाठीला क्लिपा लावणं हे माझं काम. कुर्ता असो, ब्लाउज असो की जॅकेट, मागून सहा-सात क्लिपांनी कापड आवळायचं, की समोरून तो कपडा अंगावर बेतल्यासारखा दिसतो. पहिल्या दिवशी मला वाटलं माप चुकलंय. आठवड्याभरात कळलं की पद्धतच ही आहे. लक्ष्मी रोडवर दुकानाच्या काचेशी जरा तिरकं उभं राहून बघा, पुतळ्यांच्या पाठीलाही टाचण्या दिसतील.

तेव्हापासून मला सगळीकडे हेच दिसतंय. जे समोरून दिसत नाही ते हळूहळू कपड्यातूनच जायला लागलंय. हातमागाची अस्सल पैठणी ओळखायची ती उलटी करून. पदरावरचा मोर मागूनही तसाच असतो, मोकळे धागे लोंबत नाहीत. म्हणजे विणणाऱ्याचं कसब कळतं ते मागच्या बाजूला. एका रविवारी मी ठरवून पैठणीचे रील बघत बसले. पदर उलटा करून दाखवणारे दोनच सापडले.

रंगांचंही तेच. धूपछाव कापडात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे हलवलं की रंग बदलतो. फोटोत त्यातला एकच उतरतो. मग बाई पार्सल उघडते आणि म्हणते, हा रंग मी मागवलाच नव्हता. म्हणून आमच्या कंपनीने धूपछाव माल घेणंच कमी केलं होतं. घेतलेल्या रंगांची नावं तरी काय, तर वाइन, पीच, टील. आमसुली, गुलबक्षी, चिंतामणी, शेवाळी यातलं एकही नाव मी तिथे दोन महिन्यांत ऐकलं नाही. आणि एका साडीचा चार बोटं काठ माझ्या डोळ्यांदेखत वीतभर झाला. का, तर मोबाइलवर तो बारीक दिसत होता.

साडी कशी विणायची हे आता फोटो ठरवतोय. मला हे चूक वाटतं. विकणाऱ्याने उलटी बाजू दाखवलीच पाहिजे, आणि तोच कपडा घालून बसलेली, चालणारी, साध्या बांध्याची बाईही दाखवली पाहिजे. तुमचं काय मत?

लक्ष्मीरोडकर

कापडाच्या धंद्यात २६ वर्षं आहे म्हणून लिहितो. तुम्ही बघितलंत ते खरं आहे, त्यावरून काढलेला अर्थ मला पटत नाही. टाचण्या आम्ही लावतो. पुतळा एका मापाचा, ड्रेस सहा मापांत येतो, तो पुतळ्यावर ढगळ लटकत ठेवला तर कुणी आत येणार नाही. यात फसवणूक कुठे आली? ट्रायल रूम आहे, घालून बघा.

पूर्वी बायका गादीवर बसायच्या, आम्ही घडी मोडून पदर त्यांच्यासमोर पसरायचो, त्या हवा तसा उलटून बघायच्या. आता मुलगी मोबाइलमध्ये फोटो घेऊन येते, "हीच दाखवा" म्हणते. मी पदर उलटा करून दाखवायला लागलो की म्हणते, काका, मागचं राहू द्या, अंगावर टाकून आरशात बघू द्या. तिचंही बरोबर आहे. साडी ती भावाच्या लग्नात नेसणार, तिथे कोण पदर उलटा करून बघणार आहे? गिऱ्हाईक विचारतं ते आम्ही दाखवतो. सक्ती कसली करता?

येवल्याची लेक

माझ्या माहेरी माग आहे. लक्ष्मीरोडकर काका, एक सांगते. पैठणीच्या पदरावर जितके रंग तितक्या वेगळ्या कांड्या. मोराची मान जिथे संपते आणि पान सुरू होतं तिथे एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवून परत फिरवायचा. हे सगळं हाताने. म्हणून मागे धागे सुटत नाहीत. भरगच्च पदराला कित्येक महिने जातात. यंत्रमागावर तोच मोर जॅकार्डने, म्हणजे नक्षी आपोआप काढणाऱ्या यंत्राने निघतो, तिथे नको असलेला धागा मागून तसाच पुढे जातो, मग तो कापतात किंवा जाळीचं कापड लावून झाकतात.

पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाई जर समोरूनच बघणार असेल तर तिच्यासाठी दोन्ही साड्या सारख्याच, फरक फक्त किमतीचा. मग माझे वडील महाग वाटतात, लुटारूसुद्धा वाटतात. "तीन हजारांत मिळते, तुम्ही एवढे कसले घेता?" हे आमच्या ओट्यावर उभं राहून पुण्याची माणसं विचारतात. सेमी पैठणी, म्हणजे ही यंत्रमागाची, विकू नका असं मी म्हणत नाही. ज्या बाईला तीनच हजार जमतात तिनेही मोर का नेसू नये? पण सेमीला सेमी म्हणा. आणि त्या मुलीने मागचं राहू द्या म्हटलं तरी काका, तुम्ही एकदा पदर उलटाच.

गुलबक्षी

मी धायरीत घरून खणाच्या साड्या विकते. मॉडेल माझी मावसबहीण, स्टुडिओ म्हणजे आमची गच्ची. सुईदोरा, तू म्हणतेस ते सगळं मी करून पाहिलंय. उलटी बाजू दाखवली, बहिणीला खुर्चीत बसवून निऱ्या कशा पडतात ते दाखवलं, धुतल्यावर कापड कसं होतं तेही दाखवलं. तो व्हिडिओ कुणी बघितला नाही. पुढच्याच आठवड्यात बहीण पदर उडवत गोल फिरली, आणि त्या एका रीलवर माझा दिवाळीचा सगळा माल गेला. आमच्याकडे दोन बायका फॉल-पिकोला येतात. त्यांचा पगार त्या गोल फिरण्यातून निघतो. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण त्याची किंमत लहान विकणाऱ्याने का मोजायची?

अजून एक. "खणाची साडी ही काय परंपरा आहे का?" असं मला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतं. नाही, नव्हती. खण हे चोळीचं कापड, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं, पन्हा म्हणजे रुंदी लहान. साडीसाठी रुंद पन्ह्याचं यंत्रमागावर काढतात, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. पण आठवून बघा, आपल्या घरात ओटीत आलेल्या खणांचं काय व्हायचं? शिवत कुणीच नव्हतं. या ओटीतून त्या ओटीत, कपाटातून कपाटात फिरायचे. रीलने ते कापड कपाटाबाहेर काढलं.

सुईदोरा

गुलबक्षीताई, पगाराच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी अजून कुणाला पगार दिलेला नाही. 'दाखवलीच पाहिजे' हेही मागे घेते. पण तुम्ही पन्हा लहान असतो हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगता, म्हणजे उलटी बाजू तुम्ही तोंडाने दाखवताच. माझा राग लहान विकणाऱ्यांवर नाहीच. ज्या कंपनीकडे तीन कॅमेरे आणि चार मॉडेल आहेत तिला एक फोटो मागून काढायला काहीच खर्च येत नाही. मी तिथे विचारलं होतं. उत्तर मिळालं, क्लिपा दिसतील.

जुनी पानं

हे आजचं आहे असं समजू नका. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील चित्रांतून साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. चित्राला कसली आलीय उलटी बाजू? तरी लोकांनी त्या चित्रांवर खरी जर आणि कापड चिकटवून देवींना नटवलं. पुढे बालगंधर्व. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि त्यांच्या साड्या, नेसण्याची ढब, गजरा, दागिने पुण्या-मुंबईच्या बायकांनी उचलले. रंगमंचावर एक पुरुष, तोही लांबून, दिव्यांच्या उजेडात दिसणारा! त्याच्यावरून बायकांची फॅशन ठरली. फॅशन कायम दाखवण्यातूनच पसरली आहे. दाखवणं वाईट म्हटलं तर हा सगळा इतिहासच वाईट ठरेल.

सुईदोरा

हे वाचून आनंद झाला, पण माझा मुद्दा यातूनच पक्का होतो. बालगंधर्वांची साडी बघून आलेली बाई दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन कापड दोन बोटांत धरून चोळून बघायची, घरी सासूला दाखवायची. बघणं आणि घेणं यांच्या मध्ये हात होता. आज तो मधला हातच गेलाय. म्हणून पूर्वी जे काम बोटं करायची ते आता कॅमेऱ्याने करायला हवं.

मिरजकर

उलटी बाजू, सुलटी बाजू यापेक्षा मला नावाचं जास्त लागतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने सरळसरळ कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दाखवल्या आणि नुसतं चामड्याचे सँडल म्हटलं. इकडे ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं कबूल केलं. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार असे आठ जिल्हे त्यात येतात. फोटो उत्तम होते, चपला सगळ्या बाजूंनी दिसत होत्या, तरी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या शिवल्या ते कुठेच नव्हते. तुमच्या कंपनीने पैठणी उलटी करून दाखवली आणि खाली येवला लिहिलं नाही तर काय मिळवलं?

कोथरूडची आजी

अगं सुईदोरा, तुझ्याएवढी नात आहे मला म्हणून एकेरी लिहिते. कापड उलटून बघायला मी आईकडून शिकले, तेव्हा तुझं म्हणणं मला कळतं. पण तुम्ही सगळे जुनं ते चांगलं म्हणता तेव्हा नेसणारीचा विचार करत नाही. माझी आई रोज नऊवारी नेसायची. मी लग्नानंतर पाचवारीत आले आणि सुटल्यासारखं वाटलं. आता वय ७४, गुडघे वाकत नाहीत, कासोटा घालायला जमत नाही. मागच्या वर्षी नातीच्या लग्नात शिवलेली नऊवारी घातली, चेनची आणि इलॅस्टिकची. तीस वर्षांनी माझ्या अंगावर नऊवारी आली गं. ती साडी मला सुनेने रीलमध्येच दाखवली. आतून कशी होती? अस्तर हलकं होतं, शिवण जाड होती. असू दे की. मी जेवायच्या पंक्तीत फिरले तिच्यात.

स्कूटीवाली

आजी, तुमचं वाचून डोळे भरून आले. पण बांध्याच्या मुद्द्यावर मी सुईदोराच्या बाजूने आहे. माझी छाती ४४. साइट म्हणते ट्रिपल एक्सेल मिळेल, फोटो मात्र स्मॉल घातलेल्या मुलीचा. गेल्या वर्षभरात नऊ कपडे मागवले, सहा परत केले. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, नेहमी घट्ट, कारण मोठं माप काढताना नुसती रुंदी वाढवतात, मुंढ्याची खोली वाढवतच नाहीत. एकदा, फक्त एकदा माझ्यासारख्या बाईला घालून हात वर करायला सांगा, लगेच कळेल.

शिवाय या शहराची खरी फॅशन कुणी दाखवतच नाही असंही मला वाटतं. दुपारी बारा वाजता कर्वे रोडवर उभ्या राहा. गाडीवरची प्रत्येक मुलगी लांब स्कार्फ डोक्याला, तोंडाला गुंडाळून मागे गाठ मारते, हातात कोपरापर्यंतचे मोजे. ऊन आणि धूर यांच्यावरचा उपाय बायकांनी स्वतः शोधला, कुठल्या डिझायनरने नाही. गाठ मारायचे किती प्रकार आहेत! तुझ्या प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हा घे.

लक्ष्मीरोडकर

मुंढ्याचं बोलणं शंभर टक्के खरं. आमच्याकडे तयार ड्रेस सर्वात जास्त बदलायला येतो तो मुंढ्यासाठी. आणि येवल्याच्या ताई, ओट्यावरचं वाचून वाईट वाटलं. सेमीच्या रॅकवर सेमी लिहिलेलं आहे, पण काउंटरवरची मुलं बोलताना नुसतं पैठणी म्हणतात. ते उद्याच सांगतो. रील मात्र आम्ही समोरूनच काढणार.

टेलर मास्तर

सगळं वाचलं. मी ४० वर्षं ब्लाउज शिवतोय, आता शनिवार पेठेत. उलटी बाजू म्हणजे नुसती पैठणीची नव्हे. बाई ब्लाउज आणून देते, मी पहिला उलटा करतो आणि माया, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादा कापड बघतो. आईने शिवून घेतलेला ब्लाउज असेल तर बाजूच्या शिवणीत दीड-दोन इंच माया सापडते. मुलगी तोच ब्लाउज दोन बाळंतपणांनंतरही घालते, मी फक्त टीप उसवून पुढे घेतो. तयार ब्लाउजला ओव्हरलॉक मारून पाव इंच ठेवलेलं असतं. बाईचं अंग जरा बदललं की ब्लाउज गेला. पिशवीत घालून मोलकरणीला नाहीतर बोहारणीला. फोटोत माया कधीच दिसणार नाही, आणि त्या पाव इंचात कंपनीचं कापड वाचतं.

सुईदोरा

मास्तर, आम्हाला कॉलेजात शिवणीसाठी किती सोडायचं ते शिकवतात, पण बाई बदलणार आहे म्हणून सोडायचं असं कुणी म्हणालं नव्हतं. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात माझे पाच ब्लाउज आहेत. त्यातले दोन मी उलटे टांगणार, खाली कापड कुठलं आणि विणलं कुणी ते लिहून. मिरजकर, हे तुमच्यामुळे. मास्तर, नेमकी किती माया ठेवू?

टेलर मास्तर

बाजूला दीड इंच, खांद्याला अर्धा, बाहीला एक. अस्तरालाही तेवढीच ठेव. बरेच जण वरच्या कापडाला ठेवतात आणि अस्तर कंजूषपणे कापतात, मग उसवून उपयोग नसतो. आणि बाजूची टीप सगळ्यात शेवटी, बाही जोडून झाल्यावर, वरपासून खालपर्यंत एकच मार, म्हणजे उसवणारीला सोपं जातं.