केबल काढून नेमकं वाचलं काय?

नाशिकचा_ऑफस्पिनर:
२०२३ आणि २०२४ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसली. त्या भरात मी केबल काढली. बायको नको म्हणत होती. २०२५च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा-हॉटस्टार एक झाले आणि फुकटाचा मांडव उठला. ते ॲप टीव्हीवर बघायचं तर तेव्हा तीन महिन्यांना २९९. शिवाय फुटबॉलची चॅम्पियन्स लीग सोनी लिव्हवर, फॉर्म्युला वन फॅनकोडवर. पूर्वी केबलवाला एकदाच दार वाजवायचा. आता दर देवळात वेगळी दक्षिणा.

हिशेबी_पुणेकर:
२९९ भागिले तीन, म्हणजे महिन्याला शंभरच्या आत! केबलला नुसते १३० अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे जायचे, स्पोर्ट्स चॅनेल त्यावर. आयपीएल संपली की मी पुढचा रिचार्ज करतच नाही.

नाशिकचा_ऑफस्पिनर:
आणि वायफायचं बिल? ते हिशेबात धरा की राव.

हिशेबी_पुणेकर:
ते मुलांच्या अभ्यासासाठी आधीपासून आहे. अभ्यास किती होतो ते विचारू नका.

मिरजेची_मावशी:
पैशाचं सोडा. शेजारी केबल आहे. तिकडे विकेट पडून आरडाओरडा होतो, तेव्हा आमच्या ॲपवर बोलर अजून रनअपच्या टोकाला पॅन्टवर चेंडू घासतोय. याला लाइव्ह म्हणायचं?

गल्ली_अंपायर:
तुम्ही उगाच भांडताय. २०२३ ते २०२७चे आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. भारतातल्या टीव्हीचे स्टारकडे, डिजिटलचे जिओसिनेमावाल्या वायकॉम१८कडे. दोघांत चुरस होती तोवर आपली चैन झाली. आता दोघांचं घर एकच. केबल घ्या नाहीतर ॲप, पैसा त्याच गल्ल्यात.

हिशेबी_पुणेकर:
हे मात्र पटलं. तरी मी ॲपच घेणार.

बांधावरचा_प्रेक्षक:
दूरदर्शनची फ्री डिश बसवा. २००७च्या कायद्यामुळे भारताच्या महत्त्वाच्या मॅच दूरदर्शनला द्याव्याच लागतात. डबा-छत्रीचा खर्च एकदाच, महिन्याचं बिल शून्य.

हिशेबी_पुणेकर:
त्या महत्त्वाच्या मॅचच्या यादीत आयपीएल नाही. आणि दूरदर्शन केबलवरही येतंच की.

बांधावरचा_प्रेक्षक:
येतं, पण ती मॅच नाही येत. खासगी केबल-डिशवाल्यांना तो सिग्नल देता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१७मध्येच ठरवलंय. छत्रीच लागते.

नाशिकचा_ऑफस्पिनर:
छत्री गच्चीवर. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे. आणि त्यांच्याशी माझं पार्किंगवरून वाजलंय.