मदत हवी आहे: मधुमेह, गोळ्या आणि शाकाहारी किटो (सांगली-मिरज)

मिस्टरांना (वय 52) टाइप 2 मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू, इन्सुलिन नाही, किडनीचे रिपोर्ट नॉर्मल. किटो (अगदी कमी कर्बोदकं आणि भरपूर स्निग्ध पदार्थांचा आहार) करायचंच म्हणून हटून बसलेत. पण डापाग्लिफ्लोझिन घेताना किटो केलं तर साखर फारशी न वाढताही किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो (रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं), म्हणून मी अजून थोपवून धरलंय. आमचे डॉक्टर "भात कमी करा" एवढंच सांगतात. व्हिडिओही पाहिले, निम्मे पावडरच विकतात.

घर माळकरी, अंडंसुद्धा नाही. पनीर, तूप, मेथी, दोडका चालेल. किटोत दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकं. इथे एका ज्वारीच्या भाकरीतच तीसेक जातात!

सांगली-मिरजेत गोळ्या आणि आहार दोन्ही मिळून बघणारे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ कोणाच्या अनुभवातले आहेत का?